येऊ द्या मे

वैरागडे शेठना सगळंच हवं होतं भिंतीवर.
अठरा गेजचा पत्रा, तिन्ही बाजूंना वाळा,
तांब्याच्या वाइंडिंगची मोटर,
हिंगण्याचा फोन नंबर, इतवारीचा फोन नंबर,
आणि जमलंच तर कोपऱ्यात एक बर्फाचा डोंगर.
"भिंतीचे पैसे पूर्ण देऊन राहिलो ना मी, बाई,
मंग भिंत रिकामी काहून ठेवता?"

मी तेव्हा रामदासपेठेत, जिन्याखालच्या ऑफिसात
महिना सातशे रुपयांवर घोषवाक्यं लिहीत होते.
चौदा शब्दांचं एक लिहून नेलं सेंट्रल अॅव्हेन्यूवर.
त्यात विश्वास होता, कुटुंब होतं, परंपराही होती.
कांता कूलर कंपनीला तेव्हा अकरा महिने झाले होते.

पुंडलिक धकाते शिडीवर.
कागद घेतला, वाचला नाही, घडी घालून
शिडीच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला.
"सायकलवाला इथून जाते, बाई,
डोळ्यात घाम असते त्याच्या.
तीन शब्दांत तो पुढच्या भिंतीपाशी पोचते.
तुमचा चौथा शब्द मी कोणासाठी लिहू?"

मार्च संपत आला होता. भिंतीला हात लावू देत नव्हती भिंत.
रसवंतीवाला म्हणाला, आताच असं, तं मे महिन्यात काय होईन!
शेठचा डबा घेऊन आलेल्या कांताबाई
(कूलरला नाव त्यांचंच, विचारलं मात्र नव्हतं कोणी)
डब्याची कडी काढता काढता, मान वर न करता म्हणाल्या,
"येऊ द्या मे."
जशी थोरली नणंद यायची आहे मुक्कामाला
आणि हिनं कणीक आधीच मळून ठेवली आहे.

धकातेनं ब्रश निळ्यात बुडवला होता.

बिल मी माझ्या नावानं लावलं.

माणसापेक्षा उंच तीन शब्द, खाली लहानशी 'कांता',
बाकी सगळी भिंत पांढरी, उन्हात डोळे दिपतील अशी.
शेठ आठ दिवस बोलले नाहीत. "याच्यात कूलर कुठं आहे?"
पण जूनपर्यंत ती ओळ भिंतीवरून उतरली होती.
दहावीच्या निकालाआधी पोरं म्हणत, येऊ द्या मे.
टिमकीत सावकाराचा माणूस दारात आला
तेव्हा एकानं लुंगी खोचत म्हटलं, येऊ द्या मे.
भर डिसेंबरात, मेडिकलच्या वॉर्डात,
ऑपरेशनला नेताना एक म्हातारी स्ट्रेचरवरून हेच बोलली
आणि उचलणारे दोघं हसले, मग चालले जपून.

पुढे मी मुंबईत मोठ्या मोहिमा केल्या.
एकीत हेलिकॉप्टर होतं, बक्षीस मिळालं.
तिची ओळ काय होती?
ट्रॉफीवर कोरली आहे, पाहून सांगते.

कांता कूलर बुडाला. फायबरचे आले बाहेरून,
हिंगण्याच्या शेडमध्ये आता कोणी खोकी बनवतं.
भिंतीपुढे मेट्रोचा खांब, त्यामागून दिसतं
'ऊ द्या मे', तेही निळं आहे की मळकं, सांगता येत नाही.
रिक्षावाल्या पोराला विचारलं, ही जाहिरात कशाची रे?
"जाहिरात? म्हणतेच ना सारे असं."
दुपट्टा तोंडाला बांधून त्यानं गिअर टाकला.

तेहतीस वर्षांनी गेले कांताबाईंकडे, कबूल करायला.
मुलानं एसी लावलाय. गच्चीवरच्या जुन्या कूलरमध्ये
कबुतरांचा संसार.
सांगितलं सगळं: डबा, कडी, निळा रंग, माझं बिल.
त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला.
"मी म्हटलं होतं? मी तं समजे,
धकात्यानं लिवलं असन."
आणि उठल्या, गुडघ्यावर हात टेकत,
"बस तू. माठातलं पाणी आणते."